रिपोर्टमध्ये तीन-तीन म्युटेशन्स, तरी इम्युनोथेरपी नाही म्हणतात, असं का?

विचारणारी_बहीण

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझ्या मोठ्या भावाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, डाव्या बाजूचा. गाठ ऑपरेशन करून काढली पण लिव्हरमध्ये दोन ठिकाणी पसरलेलं दिसलं म्हणून स्टेज फोर. किमो सुरू आहे, त्रास होतोय पण झेपतंय. मध्यंतरी गाठीच्या तुकड्यावर जीन टेस्ट केली, त्याचा जाडजूड रिपोर्ट हातात आलाय. मला जे महत्त्वाचं वाटलं ते लिहिते: केरास जी१२डी, एपीसी म्युटेशन, टीपी५३ म्युटेशन (केरास, एपीसी, टीपी५३ ही जीन्सची नावं आणि म्युटेशन म्हणजे त्यात झालेला बदल, एवढं कळलं), एमएसएस, टीएमबी ५. डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं आणि म्हणाले इम्युनोथेरपीचा इथे उपयोग नाही, किमो आणि बेव्हासिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) चालू ठेवू. कारण विचारायचं राहूनच गेलं, बाहेर ही रांग होती.

आता घरच्या ग्रुपवर मावसभावाने बातमी टाकलीये की गुदाशयाच्या कॅन्सरचे सगळेच्या सगळे पेशंट एका इम्युनोथेरपीच्या औषधाने बरे झाले, ना ऑपरेशन ना रेडिएशन. तेव्हापासून वहिनी रोज विचारते, आपल्याला का नाही देत? आणि मला खरंच उत्तर देता येत नाहीये. माझं डोकं असं चालतं की कॅन्सर होतो म्युटेशनमुळे, इम्युनोथेरपीत शरीराच्याच पेशी ती म्युटेशन्स ओळखून कॅन्सरला मारतात असं सगळीकडे वाचते, मग इथे तर तीन-तीन म्युटेशन्स नावानिशी सापडलीत तरी टार्गेट नाही म्हणजे काय? की ती चुकीची म्युटेशन्स आहेत? कुणी नीट समजावेल का. आणि प्लीज, धीर द्यायचा म्हणून काही सांगू नका, खरं असेल तेच सांगा.

सूक्ष्मदर्शी

ताई, मी पॅथॉलॉजीत आहे, पेशंट बघत नाही, काचा बघतो, त्यामुळे उपचार काय करायचे ते तुमचे डॉक्टरच सांगतील. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकतो.

इम्युनोथेरपीचा विषय निघाला की आतड्याच्या कॅन्सरमध्ये आम्ही आधी एमएसएस की एमएसआय-हाय हे बघतो, बाकीची यादी नंतर. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि त्यात चुका होतातच. त्या पकडून दुरुस्त करायचं काम मिसमॅच रिपेअर नावाची यंत्रणा करते, तिची चार मुख्य प्रोटीन्स, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. यातली पहिली दोन जोडीने राहतात आणि नंतरची दोन जोडीने, म्हणून एमएलएच१ गेलं की पीएमएस२ पण बहुतेक वेळा सोबत जातं. ही दुरुस्ती बंद पडली की डीएनएमध्ये जिथे एकच अक्षर किंवा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, म्हणजे मायक्रोसॅटेलाइट, तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो, अक्षरं वाढतात, गळतात. त्याला एमएसआय-हाय म्हणतात. तुमच्या भावाच्या गाठीत दुरुस्ती शाबूत आहे, म्हणजे एमएसएस. सगळ्या स्टेज धरल्या तर आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण १५ टक्के एमएसआय-हाय निघतात, पण स्टेज फोरमध्ये हे प्रमाण ४-५ टक्क्यांवर येतं. म्हणजे तुमचा भाऊ बहुसंख्य लोकांच्या गटात आहे, त्याचं काही वेगळं वाईट झालंय असं नाही.

आम्ही हे काचेवर कसं बघतो तेही सांगतो कारण त्यातच अर्धं उत्तर आहे. चार प्रोटीन्सचे चार डाग चार काचांवर लावायचे. प्रोटीन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी होतं. नसेल तर गाठीच्या ग्रंथी फिक्या निळ्या राहतात आणि त्यांच्या मधूनमधून घुसलेले लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मात्र गडद तपकिरी, कारण ते पेशंटचे नॉर्मल, त्यांची दुरुस्ती चालू असते. आम्हाला डाग नीट लागलाय की नाही हे त्यांच्यावरूनच कळतं. आणि अशा गाठींमध्ये हे लिम्फोसाइट इतके गर्दी करून असतात की बऱ्याचदा साध्या गुलाबी-जांभळ्या काचेवरच संशय येतो, डाग नंतर. म्हणजे शरीराने गाठ आधीच ओळखलेली असते, टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार, कॅन्सरला मारणारा) येऊन थडकलेल्या असतात, फक्त गाठ पीडी-१ मधून, म्हणजे टी-पेशीवरच्या ब्रेकसारख्या प्रोटीनमधून, त्यांना थांबायचा सिग्नल देत असते. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब, डोस्टारलिमॅब ही औषधं तो सिग्नल तोडतात, बास, एवढंच. टी-पेशीला नवीन काही शिकवत नाहीत. बहुतेक एमएसएस गाठीत त्या टी-पेशी आत आलेल्याच नसतात, एक तर काठावर थांबलेल्या असतात किंवा अगदी तुरळक, मग सिग्नल तोडून सोडवायचं कुणाला?

आकडे हवे असतील तर २०१५ चा पहिला मोठा पेपर बघा, डीएमएमआर, म्हणजे दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत सरासरी १७८२ म्युटेशन्स आणि दुरुस्ती शाबूत असलेल्या गाठीत ७३. त्यात पेम्ब्रोलिझुमॅब दिल्यावर पहिल्या गटातल्या आतड्याच्या कॅन्सरच्या १० पैकी ४ जणांच्या गाठी लहान झाल्या आणि दुसऱ्या गटात १८ पैकी शून्य. शून्य म्हणजे शून्य. तुमच्या डॉक्टरांचं एका ओळीचं उत्तर यातून आलंय.

रोखठोक

त्या फॉरवर्डबद्दल मी सांगतो कारण ती बातमी दर काही महिन्यांनी फिरत येते आणि दर वेळी महत्त्वाचं वाक्य गाळून येते. औषध डोस्टारलिमॅब. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेमोरियल स्लोन केटरिंगने छापलं, १२ पेशंट, बाराच्या बारा जणांची गाठ पूर्ण दिसेनाशी झाली, हे खरं आहे आणि कमालच आहे. दर तीन आठवड्यांनी एक डोस, सहा महिने. नंतर हाच गट वाढवून ४९ जणांचे निकाल २०२५ मध्ये आले, तेही सगळे. पण या सगळ्यांची गाठ डीएमएमआर होती, म्हणजे वर सूक्ष्मदर्शींनी सांगितलेली दुरुस्ती बंद पडलेली, आणि सगळ्यांचा रोग गुदाशयाच्या आसपासच होता, लिव्हर-फुप्फुसात गेलेला नव्हता. दोन्ही अटी तुमच्या भावाला लागू नाहीत. मावसभावाची भावना चांगली आहे पण बातमीतलं 'डीएमएमआर' हे एका शब्दाचं शेपूट कापलं की बातमी खोटीच होते.

अजून एक फॉरवर्ड येईलच, आधीच सांगून ठेवतो. केरासवर गोळी निघाली म्हणून. सोटोरासिब, अडाग्रासिब. ती जी१२सी साठी आहेत, जी१२डी साठी नाहीत, आणि ती इम्युनोथेरपीही नाही, थेट प्रोटीन अडवतात. आतड्याच्या कॅन्सरमध्ये जी१२सी ३-४ टक्क्यांतच असतं.

विचारणारी_बहीण

सूक्ष्मदर्शी, रोखठोक, दोघांचे खूप आभार, इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. डागांचं वाचून रिपोर्टमध्ये शोधलं तर खरंच चारही प्रोटीन्सपुढे केंद्रकात शाबूत असं लिहिलंय.

पण माझा मूळ किडा अजून गेला नाही. १७८२ विरुद्ध ७३ कळलं. पण ७३ म्हणजे पण शून्य नाही ना. आणि केरास तर गाठीच्या प्रत्येक पेशीत असतं म्हणे. मग एकच का असेना, पण सगळीकडे असलेलं टार्गेट हे हजार विखुरलेल्यांपेक्षा चांगलं नाही का? टी-पेशीला ते एकच का दिसत नाही?

टीपेशीवाला

हा प्रश्न विचारलात म्हणून लिहायला बसलो, नाहीतर नुसतं वाचतच होतो. हेच आमचं काम आहे, प्रयोगशाळेत, पेशंटशी संबंध नाही.

टी-पेशीला डीएनए दिसत नाही. अख्खं प्रोटीनही दिसत नाही. पेशीच्या आतली प्रोटीन्स सतत तोडली जातात, त्यातले ८ ते ११ अमिनो आम्लांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूत बसून पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि टी-पेशी फक्त तेवढंच वाचते, घराबाहेरची पाटी वाचावी तसं. आता एचएलए प्रत्येकाचं वेगळं, अर्धं आईकडून अर्धं वडिलांकडून, आणि कुठल्या एचएलएत कुठला तुकडा बसेल हे त्याच्या आकारावर ठरतं. केरास जी१२डी म्हणजे काय, तर बाराव्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल, एवढा एकच बदल. तो बदललेला तुकडा भावाच्या एचएलएत बसतच नसेल तर म्युटेशन गाठीच्या प्रत्येक पेशीत असूनही टी-पेशीच्या लेखी ते नाहीच. बसला तरी दुसरी अडचण, एका अक्षराचा फरक असलेला तुकडा मूळच्या नॉर्मल तुकड्यासारखाच दिसू शकतो, आणि नॉर्मलवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी शरीराने लहानपणीच थायमसमध्ये (टी-पेशी तयार होतात ती छातीतली ग्रंथी) बाद केलेल्या असतात.

एमएसआय गाठीत वेगळीच मजा होते. तिथे अक्षरं गळतात किंवा वाढतात आणि तीन-तीन अक्षरांनी वाचली जाणारी सगळी ओळच सरकते, म्हणजे त्या जागेनंतरचं प्रोटीन पूर्ण भलतंच तयार होतं, शरीराने जन्मात न पाहिलेलं. टीजीएफबीआर२ या जीनमध्ये सलग दहा ए आहेत, तिथे हे इतक्या पेशंट्समध्ये घडतं की तेच ते परकं प्रोटीन वेगवेगळ्या माणसांत सापडतं. नाऊस-२०९ नावाची लस याच तत्त्वावर आहे, असे २०९ सरकलेले तुकडे एकत्र. म्हणून नुसती संख्या जास्त एवढंच नाही, जात पण वेगळी आहे. ७३ मधले बरेचसे एका अक्षराचे बदल, त्यातले मोजके पाटीवर येणार, आणि त्यातले ओळखले जाणार ते त्याहून मोजके. एखाद्या एमएसएस पेशंटच्या गाठीत एक-दोन खरंच ओळखले जातात, प्रयोगशाळेतल्या आमच्या ताटलीत दिसतं ते, पण त्या टी-पेशी इतक्या थोड्या असतात की नुसता सिग्नल तोडून भागत नाही.

एपीसी आणि टीपी५३ चं विचारलंत. एपीसीचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा प्रोटीन अर्धवट तुटल्यामुळे, आणि ते तुटण्याची जागा जवळजवळ प्रत्येक पेशंटची वेगळी, एक औषध सगळ्यांना चालेल असं करता येत नाही. टीपी५३ मध्ये आर१७५एच सारख्या काही ठरलेल्या जागा आहेत, त्यावर टी-पेशींचं काम चालू आहे, पण तेही ठराविक एचएलए असेल तरच.

आता तुमच्या किड्याला खाद्य. जी१२डी टार्गेट करता येतं हे एका पेशंटमध्ये सिद्ध झालंय. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने छापलं. आतड्याचा कॅन्सर फुप्फुसात सात ठिकाणी गेलेली बाई, केरास जी१२डी, एमएसएस. तिच्याच फुप्फुसातल्या गाठीतून जी१२डी ओळखणाऱ्या टी-पेशी वेगळ्या काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि सुमारे ११ हजार कोटी पेशी परत सोडल्या. सातही गाठी आक्रसल्या. हे जमलं कारण तिचं एचएलए सी०८:०२ होतं, त्यात हा तुकडा नेमका बसतो. नऊ महिन्यांनी एक गाठ परत वाढली, ती काढून तपासली तर त्या गाठीने सहाव्या क्रोमोसोमचा तोच भाग टाकून दिला होता ज्यावर सी०८:०२ असतं. केरास तसंच होतं, जागच्या जागी. पाटीच काढून टाकली. हा पेपर मी कितीतरी वेळा वाचलाय आणि त्या शेवटच्या भागाशी दर वेळी थबकतो, कारण इतक्या नेमक्या हल्ल्यातून सुटायला गाठीला इतकीशीच हालचाल पुरली.

त्यानंतर हीच टी-पेशीची ओळखणारी कडी जीनमधून दुसऱ्याच्या टी-पेशींत घालायचे प्रयोग सुरू झाले, एचएलए ए११:०१ साठी पण आहेत, ते तुलनेने जास्त लोकांत असतं, आशियात तर बऱ्यापैकी. सगळं अजून चाचण्यांच्या पातळीवर.

निरोगी_मंत्र

एवढी क्लिष्ट चर्चा करण्यापेक्षा आधी भावाची इम्युनिटी वाढवा. इम्युनोथेरपी म्हणजे तरी काय, इम्युनिटी वाढवणंच ना. माझ्याकडे एक नैसर्गिक पावडर आहे, कितीतरी कॅन्सर पेशंटना फरक पडलाय. पर्सनल मेसेज करा.

रोखठोक

नका करू मेसेज ताई. आणि अहो मंत्रवाले, वर दोन जाणकार माणसं तासभर टायपून सांगताहेत की कमतरता ताकदीची नाहीये, ओळखीची आहे. पावडर खाऊन केरासचा तुकडा एचएलएत बसणार आहे का? किमो चालू असताना लिव्हरवर भार टाकणारं काहीही डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही, इथे तर लिव्हरमध्येच रोग आहे. अ‍ॅडमिन, ही पोस्ट उडवा.

लिंचवाला

मी दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणजे ज्यांना इम्युनोथेरपी लागू पडली त्यातला, म्हणून लिहितो. माझी गाठ उजव्या बाजूची, एमएसएच२ गेलेलं, नंतर रक्ताच्या टेस्टमध्ये लिंच सिंड्रोम निघाला, म्हणजे दुरुस्तीच्या जीनमधला घराण्यातून आलेला बिघाड. पेम्ब्रोलिझुमॅब सुरू झालं तेव्हा वॉर्डात सगळे मला नशीबवान म्हणायचे, आणि आहेच मी, स्कॅन अजून स्वच्छ आहेत. पण जे नशीबवान नाहीत त्यांनी फार जळफळू नये म्हणून ही पण बाजू सांगतो. औषधाने माझं थायरॉइड कायमचं बंद पाडलं, रोज गोळी. मग एकदा जुलाब सुरू झाले, मला वाटलं काहीतरी बाधलं असेल, अंगावर काढले, तर कोलायटिस निघाला, म्हणजे टी-पेशी चांगल्या आतड्यावरच घसरल्या होत्या, अ‍ॅडमिट करून स्टिरॉइड द्यावं लागलं. ज्यांना हे औषध चालू आहे त्यांनी नवे जुलाब, दम, छातीत दुखणं, कमालीचा थकवा यातलं काहीही त्याच दिवशी कळवायचं, थांबायचं नाही.

आणि एमएसआय-हाय म्हणजे हमखास असंही नाही बरं का. कीनोट-१७७ नावाची चाचणी झाली, ३०७ पेशंट, सगळे एमएसआय-हाय स्टेज फोर. पेम्ब्रोलिझुमॅबवाल्यांतल्या निम्म्यांचा रोग १६.५ महिने किंवा जास्त थोपला, किमोवाल्यांतल्या निम्म्यांचा ८.२, आणि गंभीर साइड इफेक्ट २२ टक्के विरुद्ध ६६ टक्के. पण त्याच चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्या १०० मधल्या २९ जणांचा रोग सरळ वाढतच गेला, किमोवर हे प्रमाण १२ होतं. माझ्या डॉक्टरांनी सुरू करायच्या आधी हे सांगितलं होतं, पहिल्या स्कॅनपर्यंत झोप नव्हती. नंतर निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब अशी जोडी देऊन बघितली त्यात निकाल अजून सुधारले, दोन वर्षांनी ७२ टक्के लोकांचा रोग वाढलेला नव्हता, किमोवर १४ टक्के. आता माझ्यासारख्यांना बऱ्याच ठिकाणी ही जोडीच विचारात घेतात.

ताई, तुमच्या भावाचं एमएसएस आहे म्हणजे लिंचची शक्यता फार कमी, तेवढी एक चिंता तुमच्या डोक्यावरून जवळजवळ उतरली. आमच्याकडे मी निघाल्यावर भावंडांना, मुलांना सगळ्यांना टेस्टला लावायला लागलं, प्रत्येकाला ५० टक्के शक्यता. धाकटी बहीण पॉझिटिव्ह निघाली, कोलोनोस्कोपीत पॉलिप सापडला तो तिथेच काढला. तरी तुमच्या घरात कुणाला कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि भावाला झालाय म्हटल्यावर तुमची स्वतःची कोलोनोस्कोपी लवकर करायची असते, एमएसएस असला तरी. केलीत का?

विचारणारी_बहीण

लिंचवाले दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. काळजी घ्या. कोलोनोस्कोपी नाही केली अजून, या सगळ्यात माझं कोण बघतंय. करते, नक्की.

वहिनीला आज पाटीचं समजावलं, तिला पटकन कळलं, माझ्यापेक्षा लवकरच. आता ती विचारते की मग भावाचं एचएलए तपासून घेऊ या का, साधी रक्ताची टेस्ट आहे ना? दुसरं, टीएमबी ५ म्हणजे काय, ते वाढतं का? तिसरं, रिपोर्ट चुकलेला असू शकतो का, परत करायचा का? आणि चौथं, एमएसएसवाल्यांसाठी खरंच काहीच नाहीये का, की आम्हाला कुणी सांगत नाहीये.

टीपेशीवाला

पहिलं आणि चौथं मी घेतो.

एचएलए टेस्ट साधी आहे, रक्तावर होते. पण जी१२डी साठीची टी-पेशीची चाचणी कुठेतरी खुली असेल आणि भाऊ तिच्या बाकीच्या अटींत बसत असेल तरच त्या आकड्यांना अर्थ आहे. नाहीतर कागद घरात पडून राहील आणि वहिनी रोज तो उघडून बघेल. आधी डॉक्टरांना विचारा की जी१२डी साठी कुठली चाचणी चालू आहे का, तिथे गेलात तर ते स्वतःच एचएलए करतात.

जी१२डी साठी लस पण आहे, एलाय-००२. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत २५ लोक होते, २० स्वादुपिंडाचे आणि ५ आतड्याचे, सगळे ऑपरेशन झालेले, स्कॅनवर काही न दिसणारे पण रक्तात खुणा राहिलेले. २५ मधल्या २१ जणांत केरासविरुद्ध टी-पेशी तयार झाल्या, आणि ज्यांच्यात जास्त तयार झाल्या त्यांचा रोग उशिरा परतला. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे मी यावर नाचणार नाही. लक्षात घ्यायची गोष्ट ही की लस उरलासुरला रोग टिपायला असते, लिव्हरमध्ये गाठी दिसत असताना एकट्या लसीकडून फार अपेक्षा नसते. प्रत्येक पेशंटच्या गाठीची वेगळी एमआरएनए लस बनवायचं पण चालू आहे, तेही ऑपरेशननंतर रक्तात गाठीचा डीएनए सापडतोय अशा स्टेज २-३ वाल्यांसाठी.

एमएसएससाठी काहीच नाही असं नाही. हॉलंडमध्ये नीश नावाच्या चाचणीत ऑपरेशनच्या आधी काही आठवडे निव्होलुमॅब-इपिलिमुमॅब दिलं, डीएमएमआरच्या २० पैकी २० जणांत परिणाम दिसला, आणि कुणालाच अपेक्षा नव्हती पण दुरुस्ती शाबूत असलेल्या १५ पैकी ४ जणांतही दिसला. म्हणजे रोग पसरायच्या आधी एमएसएस गाठी इतक्या मुक्या नसतात. पसरल्यावर मात्र कठीण, आणि त्यातही लिव्हर. आत्तापर्यंत एमएसएसमध्ये जे थोडे प्रतिसाद मिळालेत ते मुख्यतः लिव्हरमध्ये रोग नसलेल्यांत. उंदरांवर दिसलंय की लिव्हरमधल्या गाठी टी-पेशी तिकडे ओढून घेऊन मारून टाकतात, सबंध शरीराचा प्रतिसादच थंड पडतो. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर डॉक्टरांना इम्युनोथेरपीबद्दल विचारायच्या आधी एक वेगळाच प्रश्न विचारला असता, लिव्हरमधली दोन ठिकाणं किमोने लहान झाली तर काढता येतील का? दोनच आहेत, तो प्रश्न लिव्हरच्या सर्जनसमोर जायलाच हवा. काही लोकांत स्टेज फोर असूनही त्यातूनच लांबचा पल्ला गाठला गेलाय.

सूक्ष्मदर्शी

+१ लिव्हर सर्जनला. हे मी लिहिणारच होतो.

टीएमबी म्हणजे डीएनएच्या दर दहा लाख अक्षरांमागे किती म्युटेशन्स. १० किंवा जास्त असेल तर अमेरिकेत २०२० पासून पेम्ब्रोलिझुमॅबला परवानगी आहे, कुठल्याही अवयवाचा असो. पण आतड्यात एमएसएस आणि टीएमबी ११-१२ अशा लोकांना त्याचा फायदा फारसा दिसत नाही, त्यामुळे तो आकडा किंचित वर असता तरी मी खूश झालो नसतो. अपवाद एकच, पोल-ई जीनचं म्युटेशन. ते नक्कल करतानाच चूक तपासणाऱ्या एन्झाइमचं आहे, ते ठराविक जागी बिघडलं की मायक्रोसॅटेलाइट ठीक असूनही टीएमबी शंभराच्या वर जातो, आणि हे लोक इम्युनोथेरपीला छान प्रतिसाद देतात. एक-दोन टक्के असतात. तुमच्याकडे टीएमबी ५ आहे म्हणजे तो विषय संपला. आपोआप वाढत बिढत नाही म्हणा.

रिपोर्ट चुकू शकतो का, तर हो, क्वचित. एमएसआयची जीन टेस्ट चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तपासलेल्या तुकड्यात गाठीच्या पेशीच कमी असणं, बाकी सगळं नॉर्मल मांस, मग बिघाड त्या गर्दीत बुडून जातो. रिपोर्टमध्ये ट्यूमर कंटेंट किंवा ट्यूमर सेल टक्के असं कुठेतरी बारीक अक्षरात असतं, ते बघा. २० च्या खाली असेल तर मी प्रश्न विचारला असता. पण तुमच्याकडे दोन वेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर आलंय, चारही प्रोटीन्स शाबूत आणि जीन टेस्टमध्येही एमएसएस. दोन्ही एकाच दिशेने असतील तर परत करण्यात पैसा आणि वेळ जातो फक्त.

ब्लॉक मात्र जपून ठेवायला सांगा. मेणातला तो तुकडा पुढे कुठल्या चाचणीसाठी लागला तर हाताशी असू दे, जी१२डी अडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या पण चालू आहेत आणि तिथे पहिल्या दिवशी ब्लॉक मागतात.

विचारणारी_बहीण

बघितलं, तेराव्या पानावर तळाला आहे, ट्यूमर सेल ६०%. वहिनी शेजारीच बसून वाचतेय. लिव्हर सर्जनचं पुढच्या व्हिजिटला विचारतो, भाऊ म्हणाला मीच विचारणार. ब्लॉकचं पण लिहून घेतलंय.

सूक्ष्मदर्शी

६० म्हणजे भरपूर. एमएसएस पक्कं धरा. सर्जनकडे जाताना रिपोर्टसोबत किमोच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही स्कॅन न्या, आणि नुसते कागद नको, सीडी.